यवतमाळच्या मुलामुलींनी फिजिओथेरपी का शिकावी

दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा वेचा सुरू होतो. बाया सकाळीच शेतात उतरतात, कमरेला ओटी बांधतात आणि पऱ्हाटीच्या ओळीत वाकतात. बोंडातला कापूस बोटांनी अलगद ओढायचा, ओटीत टाकायचा, एक पाऊल पुढं सरकायचं आणि पुन्हा वाकायचं. मजुरी किलोवर असते, म्हणून पाठ सरळ करायला थांबणं परवडत नाही. त्याआधी पावसाळाभर निंदण झालेलं असतं, तेही वाकून नाहीतर उकिडवं बसून. पुरुषांच्या पाठीवर फवारणीचा पंप असतो. सोळा लिटरचा पंप भरला की नुसतं पाणीच १६ किलो होतं, पंपाचं वजन वेगळं. ते ओझं घेऊन एका हातानं दांडा मारत चिखलातून चालायचं. तिकडे वणीच्या कोळसा खाणींत डंपर चालवणाऱ्याच्या मणक्याला दिवसभर हादरे बसत असतात.

या जिल्ह्यातल्या बहुतेक घरांचं पोट शरीराच्या कष्टावर भरतं. कंबर धरली, गुडघा सुजला, खांदा वर जाईना की घरातला एक रोज बुडतो. आणि तरीही चालणं, वाकणं, उठणं, उचलणं याच गोष्टींचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी पदवी आपल्याकडे उरलेल्यांची निवड मानली जाते. एमबीबीएस मिळालं नाही, बीडीएस नाही, बीएएमएस नाही, मग फिजिओथेरपी बघू, असा हिशेब घराघरांत मांडला जातो. हा हिशेब चुकीचा आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यातल्या मुलानं किंवा मुलीनं हा विषय पहिल्या पसंतीनं घ्यावा इतकं काम इथं पडून आहे.

साथीतून जन्मलेला विषय

व्यायामातून उपचार ही कल्पना जुनीच. युरोपात तिला संस्थेचं रूप आलं ते स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांच्यामुळे. १८१३ मध्ये त्यांनी स्टॉकहोमला व्यायामशास्त्राची संस्था काढली. पुढं दोन महायुद्धांतल्या जखमी सैनिकांनी आणि पोलिओच्या साथींनी या विद्येला रुग्णालयात कायमची जागा मिळवून दिली.

आपल्याकडची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. १९५२ च्या सुमारास मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. जीव वाचला पण पाय लुळे पडले, अशा मुलांचं पुढं काय करायचं, हा प्रश्न डॉक्टरांपुढे उभा राहिला. त्यातून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं १९५३ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. त्याच रुग्णालयात १९५० मध्ये ऑक्युपेशनल थेरपीची शाळा उघडली होती. ती काढणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्मानं अमेरिकन आणि लग्नानं मराठी घरातल्या. त्यांच्याच प्रयत्नांनी १९५८ मध्ये नागपुरातही तशी शाळा उभी राहिली, म्हणजे पुनर्वसनाचं हे शिक्षण विदर्भात फार लवकर पोचलं होतं.

२७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. ज्या आजारानं हा विषय आपल्याकडे जन्माला घातला तो गेला, पण काम मात्र वाढलं. लकवा, अपघात, गुडघ्याची झीज, कंबरदुखी, दम्यासारखे श्वसनाचे आजार, वयोमान या सगळ्यांनी ती जागा घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे २४० कोटी लोकांना पुनर्वसनाच्या उपचारांचा फायदा होऊ शकतो, म्हणजे साधारण तिघांत एकाला. एकट्या कंबरदुखीचे रुग्ण २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख होते.

प्रवेशाची वाट

महाराष्ट्रात या पदवीला बीपीटीएच म्हणतात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. नीटची परीक्षा द्यावी लागते आणि प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रक्रियेतून होतो. बहुतेक महाविद्यालयं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत, काही अभिमत विद्यापीठांची आहेत. यवतमाळच्या विद्यार्थ्याला नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा वर्ध्याच्या वाटेवरचं सावंगी (मेघे) ही ठिकाणं हाताशी आहेत. कळंब, देवळी करत गेलेली एसटी सावंगीवरूनच वर्ध्यात शिरते.

आतापर्यंत हा अभ्यासक्रम चार वर्षं आणि त्यापुढं सहा महिन्यांची इंटर्नशिप असा होता. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला आणि २०२५ मध्ये त्यानं देशभरासाठी नवा अभ्यासक्रम जाहीर केला. तो इंटर्नशिप धरून पाच वर्षांचा आहे. त्यामुळे अर्ज भरताना आपल्या तुकडीला कोणता नियम लागू आहे हे महाविद्यालयात विचारून घ्यावं. फीचाही नीट तपास करावा. शासकीय आणि खासगी महाविद्यालयांच्या फीत मोठी तफावत असते. केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांना प्रवर्ग आणि उत्पन्नानुसार शिष्यवृत्त्या आहेत. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य सरकारनं २०२४ मध्ये घेतला आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर ही कागदं तहसीलमधून वेळेत निघाली नाहीत म्हणून सवलत हुकते, तेव्हा ती निकालाआधीच काढून ठेवावीत.

चार वर्षांत शिकतात काय?

आतापर्यंतच्या अभ्यासक्रमात पहिलं वर्ष शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राचं. मृतदेहावर हात ठेवून स्नायू कुठून निघतो, कुठे जोडला जातो, त्याला कोणती नस चालवते हे पाहायचं. पाठांतराची सवय असलेली मुलं इथं अडखळतात, कारण नाव पाठ असून भागत नाही. तोच स्नायू जिवंत माणसाच्या कातडीखाली बोटानं शोधता आला पाहिजे. बरोबरीनं व्यायामोपचार आणि विद्युतोपचार यांची तोंडओळख होते.

दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, मानसोपचार आणि मुख्य म्हणजे कायनेसिओलॉजी, म्हणजे हालचालीचं शास्त्र. तिसऱ्या वर्षी वैद्यकशास्त्र, शल्यशास्त्र, अस्थिरोग, मेंदूविकार, बालरोग, स्त्रीरोग आणि सामाजिक आरोग्य. चौथ्या वर्षी फिजिओथेरपीच्या शाखा येतात: हाडं-सांधे-स्नायूंची, मज्जासंस्थेची, हृदय व श्वसनाची आणि सामुदायिक. वॉर्ड आणि ओपीडीतलं काम सोबत चालूच असतं. पुढं दोन वर्षांची एमपीटीएच करून एकाच शाखेत खोल जाता येतं.

ही यादी वाचून विषय कळत नाही. तो कळायला एका गुडघ्याजवळ थांबू या.

एक गुडघा

समजा, साठीची एक आजी ओपीडीत आली आहे. विद्यार्थिनी विचारते, “आजी, काय त्रास होतो?” आजी म्हणते, “मॅडम, चालता येते, पण मले खाली बसता येत नाही.” या एका वाक्यात निम्मं निदान आहे.

विद्यार्थिनी गोनिओमीटर काढते. दोन पट्ट्या आणि मधे कोनमापक, एवढंच ते साधन. त्याचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यावर ठेवायचा. एक पट्टी मांडीवरून खुब्याच्या हाडाकडे, दुसरी पोटरीवरून घोट्याच्या बाहेरच्या हाडाकडे. मग आजीला सांगायचं, टाच मागे ओढा. आकडा येतो ९५ अंश. सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण ६० अंश वाकतो, म्हणून आजी चालू शकते. खुर्चीवरून उठायला ९० ते १०० अंश लागतात, म्हणून ती हाताचा आधार घेऊन उठते. पण मांडी घालून बसायला, चुलीपुढं उकिडवं बसायला, निंदायला १३० अंशांच्या पुढचं वाकणं लागतं. ते तिच्याकडे नाही.

त्यानंतर स्नायूंची ताकद तपासायची, तीही शून्य ते पाच अशा श्रेणीत. हालचालच नाही ती शून्य. स्नायू नुसता फुरफुरला तर एक. वजन न पेलता आडवा सरकला तर दोन. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पाय वर उचलला तर तीन. तपासणाऱ्यानं हातानं दाबूनही तग धरला तर चार, पूर्ण दाबाला पुरून उरला तर पाच. गुडघा दुखू लागला की माणूस तो वापरायचं टाळतो, त्यानं मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स स्नायू रोडावतो, त्यामुळे सांध्यावरचा भार वाढतो आणि गुडघा आणखी दुखतो. हे चक्र तोडणं हा उपचार.

ते तोडायचं कसं? सुरुवात अगदी साधी: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून ती गुंडाळी खाली दाबायची, पाच-दहा सेकंद धरायची, सोडायची. मग खुर्चीवर बसून पाय सरळ करणं, मग खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं. ताकद येईल तशी पायरी चढायची. यात मशीनचा वाटा थोडा आहे. शेक आणि विजेच्या उपकरणांनी दुखणं तात्पुरतं कमी होतं आणि व्यायाम करणं सोपं जातं. पण आपल्याकडे रुग्ण येतात तेच “मशीन लावून द्या” म्हणत, आणि काही ठिकाणी त्यांना तेवढंच मिळतं. हलका प्रकाश, गरम शेक, दहा मिनिटांचा करंट आणि घरी. स्नायू त्यानं बळकट होत नाही. आजीनं स्वतः केलेल्या व्यायामाची जागा कुठलंही यंत्र घेऊ शकत नाही, आणि तो व्यायाम तिच्याकडून करवून घेणं, न कंटाळता, न ओरडता, हेच या पदवीचं सर्वांत अवघड कौशल्य आहे.

वाकलेली पाठ आणि लुळा हात

वेच्याच्या दिवसांत कंबर दुखते, याचं कारण नुसता थकवा नाही. माणूस तासन्‌तास वाकून राहिला की मणक्यांमागचे अस्थिबंध हळूहळू ताणले जातात. बाजेची नवार दिवसभर वजन पेलून सैल पडते तसे. उभं राहिल्याबरोबर ते पूर्ववत होत नाहीत, वेळ घेतात. त्या मधल्या वेळात मणका कमी सुरक्षित असतो. आणि नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे कापसाचं गाठोडं डोक्यावर चढवलं जातं. म्हणून फिजिओथेरपिस्ट सांगतात, वेचा संपल्यावर लगेच वजन उचलू नका. दोन-चार मिनिटं सरळ उभं राहा, चाला, कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा अलगद मागे वाका. गाठोडं शरीराजवळ धरा, गुडघ्यात वाकून दोघींनी मिळून उचला, अंगाला पीळ देऊ नका. अधूनमधून ओटी रिकामी करायच्या निमित्तानं पाठ सरळ करा. याला पैसा लागत नाही. मात्र हे सांगणाऱ्याला वेचा कसा चालतो ते ठाऊक असायला हवं, आणि ते यवतमाळच्या मुलीला जन्मापासून ठाऊक असतं.

लकव्याची गोष्ट याहून गंभीर आहे. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की एक बाजू लुळी पडते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेला मेंदू सरावानं नव्या जोडण्या तयार करतो आणि गेलेली कामं काही प्रमाणात परत शिकतो. ही क्षमता पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत जास्त असते. रुग्णाची प्रकृती स्थिर झाली की डॉक्टरांच्या सल्ल्यानं अंथरुणात कूस बदलणं, आधारानं बसणं, उभं राहणं लवकर सुरू व्हावं लागतं. आपल्याकडे हेच महिने विश्रांतीत आणि इकडेतिकडे औषधं शोधण्यात जातात. घरच्यांनी एक गोष्ट तर कधीच करू नये: लुळा हात धरून रुग्णाला ओढून उठवू नये. त्या बाजूच्या खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा जागचा सरकतो आणि मग न थांबणारं दुखणं सुरू होतं. हात न ओढता कमरेला किंवा खांद्याच्या पाठीमागून आधार द्यावा.

या जिल्ह्याचे स्वतःचे प्रश्न

पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात संपणारे काही आजार इथं रोज भेटतात. केळापूर, झरी-जामणीकडच्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षं ते पाणी पिऊन हाडं जड आणि ठिसूळ होतात, पाठीचा कणा आणि सांधे आखडतात. पाणी बदलणं हा पहिला उपाय, पण आखडलेल्या शरीराची उरलेली हालचाल टिकवणं फिजिओथेरपिस्टच्या हातात असतं. विदर्भातल्या आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेल आढळतो. त्यात खुब्याच्या हाडाच्या गोलकाचा रक्तपुरवठा बंद पडून ऐन तरुण वयात माणूस लंगडू लागतो. अशा रुग्णाला कोणता व्यायाम द्यायचा, किती द्यायचा आणि वेदनेच्या झटक्यात केव्हा थांबायचं हे नेमकं कळावं लागतं.

मग मुलांचा प्रश्न येतो. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडलेलं बाळ वेळेत मान धरत नाही, बसत नाही. घरचे म्हणतात, “बसेल पुढंमागं.” सेरेब्रल पाल्सी असेल तर हे वाट पाहणं महागात पडतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशी मुलं लहानपणीच हेरायची आणि जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवायची व्यवस्था आहे. त्या केंद्रात फिजिओथेरपिस्टचं पद धरलेलं आहे. ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही या सेवेचा समावेश आहे. म्हणजे सरकारनं कागदावर ही गरज मान्य केली आहे. त्या जागांवर इथली भाषा, इथले रस्ते आणि इथलं काम जाणणारी माणसं बसली पाहिजेत.

अंतर हा तर मोठाच अडसर. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या वर पडतं. गुडघ्याच्या किंवा लकव्याच्या रुग्णाला रोज सोबत घेऊन एसटीनं यायला सांगणं म्हणजे दोन माणसांची मजुरी आणि तिकीट. दोन-तीन खेपांनंतर येणं थांबतं आणि “फिजिओनं काही फरक पडला नाही” अशी बातमी गावात जाते. म्हणून इथं घरी करायचा व्यायाम हाच उपचाराचा कणा मानला पाहिजे. पहिल्या भेटीत तीनच व्यायाम द्यावेत, ते रुग्णाकडून आणि सोबत आलेल्या सुनेकडून किंवा मुलाकडून करवून घ्यावेत, त्यांच्याच मोबाइलवर ते चित्रित करून द्यावेत आणि पुढची भेट आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवावी. चौथ्या वर्षाच्या सामुदायिक फिजिओथेरपीचा खरा अर्थ हा आहे.

पदवीनंतर

पदवी घेतली की महाराष्ट्र राज्य ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी करावी लागते. २००२ च्या राज्य कायद्यानं ही व्यवस्था आली. रुग्णांनीही उपचार सुरू करण्याआधी नोंदणी क्रमांक निःसंकोच विचारावा. थोड्या दिवसांचं मशीन चालवण्याचं शिक्षण घेऊन पाटी लावणारे सगळीकडे आहेत. मणक्याच्या गाठीवर किंवा न जुळलेल्या हाडावर चुकीचा जोर पडला तर नुकसान कायमचं होतं.

कामाच्या वाटा बऱ्याच आहेत: रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग, अस्थिरोग रुग्णालयं, खेळाडूंचे संघ, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शाळा, कारखाने आणि खाणी, अध्यापन, स्वतःचं क्लिनिक. सुरुवातीचा पगार अनेक ठिकाणी कमी असतो, हे पालकांनी आधीच जाणून घ्यावं. पुण्या-मुंबईत स्पर्धा मोठी आहे. याउलट दारव्हा, पुसद, वणी, पांढरकवडा अशा तालुक्याच्या गावी चांगला फिजिओथेरपिस्ट एक-दोन वर्षांत नाव कमावू शकतो, कारण बरा झालेला रुग्ण स्वतः पुढच्या चौघांना घेऊन येतो.

ज्यांना माणसाशी बोलायला आवडतं, हातानं काम करायची लाज वाटत नाही, हळूहळू होणारी सुधारणा पाहायचा धीर आहे, त्यांनी हा विषय घ्यावा. झटपट निकाल हवा असेल त्यांनी घेऊ नये. इथं पाच अंशांची वाढ मिळवायलाही आठवडे जातात. निर्णय घेण्याआधी जवळच्या फिजिओथेरपी विभागात परवानगी काढून एक दिवस बसावं आणि काम डोळ्यांनी पाहावं.

आणि पालकांना एक विनंती. मुलीनं प्रवेशाच्या पसंतीक्रमात फिजिओथेरपी वर लिहिली तर तिला “यापेक्षा काही बरं बघ” असं म्हणू नका. तुमच्याच गावातली कंबर धरून बसलेली मावशी, सहा महिने खाटेवर पडलेले काका आणि न चालणारं पोर यांना नेमकं हेच शिकलेलं माणूस हवं आहे. तिला शिकू द्या, आणि शिकून झाल्यावर जिल्ह्यात परत येण्याचं बळही द्या.